भारत हा कृषिप्रधान देश आहे, आणि माझे तेवीस शेरे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं हसू येईलच याची खात्री मी देत नाही, कारण मला स्वतःला ते अजून आलेलं नाही. घडून दीड महिना होत आला तरी माझा चहा रोज गार होतो, मी कपाकडं बघत बसते, आणि सासूबाई शेजारणीला सांगतात, "तिला पीएच.डी. झालीया." कावीळ झालीया म्हणावं तसं.

त्यांचंही चुकत नाही. आमच्या घरात तो आजारच आहे. मला लग्नाआधी लागला आणि बाळंतपणानंतर बळावला.

माझा विषय दूध संस्थांमधल्या बायकांचा. धार त्या काढतात, डेअरीला दूध त्या घालतात, कागदावर सभासदही त्याच असतात, पण सभेला नवरा जातो. विषय चांगला आहे असं सगळे म्हणतात. नोंदणी केली तेव्हा मी हॉस्टेलवर एकटी होते. मग लग्न झालं, शिवाजी पेठेत भाड्याच्या दोन खोल्या झाल्या, मग मनू झाली. मनू आता तीन वर्षांची आहे. ती चालायला लागली, बोलायला लागली, माझ्याशी भांडून जिंकायलाही लागली. प्रबंध अजून रांगतोय.

आणि मुदत संपत आलेली. पहिली मुदतवाढ बाळंतपणात गेली. आता शेवटची, सहा महिन्यांची. ती मिळाली नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे एवढी वर्षं मी काय करत होते या प्रश्नाला 'काही नाही' हेच उत्तर. सासूबाईंचं उत्तर तेच आहे, पण ते अधिकृत व्हायला नको होतं.

माझे गाईड निंबाळकर सर. ओरडत नाहीत, हा त्यांचा मोठा दोष. ते फक्त चष्मा काढून पुसतात. पुसता पुसता त्यांनी सांगितलं, अर्जासोबत लेखन वर्गाचं अभिप्राय पत्रक जोडायचं. ते बरं आलं तर शिफारस करतो. वाईट आलं तर समितीसमोर मला तोंड नाही.

हा लेखन वर्ग म्हणजे काय, तर प्रबंधात अडकलेल्यांनी दर शनिवारी अकरा ते दोन एका खोलीत एकत्र बसायचं. फोन टोपलीत टाकायचे आणि लिहायचं. मध्ये चहा. आम्ही नऊ जण. दवाखान्याच्या बाकावर पेशंट बसतात तसे शेजारी शेजारी, एकमेकांना 'तुमचं कुठवर आलंय' विचारत. वर्ग चालवतात शेख मॅडम. निवृत्त प्राध्यापिका, आवाज मऊ, नियम कडक.

त्यांचा सगळ्यात लाडका नियम म्हणजे निनावी वाचन. प्रत्येकानं एक प्रकरण मेलनं पाठवायचं. ऑफिस त्याच्यावर क्रमांक घालणार, शीर्षक, नावं, गावं यांवर काळ्या पट्ट्या मारणार आणि छापून देणार. कुणाचा क्रमांक कुठला हे फक्त ऑफिसला माहीत, मॅडमही यादी बघत नाहीत. शनिवारी टेबलावर गठ्ठे पालथे मांडायचे, प्रत्येकानं एक उचलायचा. आपलंच आलं तर परत ठेवायचं. आणि परखड शेरे लिहायचे, कुणी लिहिले ते कुणाला कधीच कळणार नाही. शेऱ्यांचं पत्रक लेखकाच्या गाईडला जाणार, आणि गाईडच ते लेखकाला दाखवणार.

मी तिसरं प्रकरण पाठवलं. ते माझं सगळ्यात बरं प्रकरण. शिरोळ तालुक्यातल्या बायकांच्या मुलाखती आहेत त्यात, त्या बायकाच बोलतात, मला फारसं काही करावं लागत नाही. फोनवरूनच पाठवलं, कारण मनू मांडीवर बसून त्याच फोनवर कार्टून मागत होती. एका हातानं तिला धरलं, दुसऱ्या हातानं फाईल निवडली, पाठवा दाबलं आणि फोन तिला दिला. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

वाचनाच्या शनिवारी मला उशीर झाला. आमच्या पेठेतला संघ आदल्या दिवशी फुटबॉलची मॅच जिंकला होता, सकाळपासून गल्लीत गुलाल आणि स्पीकर. माझी स्कूटर मिरवणुकीच्या मागं अर्धा तास पायानं ढकलत चालवली. पोचले तेव्हा टेबलावर एकच गठ्ठा उरला होता. क्रमांक सात.

शेख मॅडम म्हणाल्या, "बघा, तुमचंच नाही ना?"

मी पहिली ओळ वाचली. 'भारत हा कृषिप्रधान देश आहे.' म्हणजे पहिलं प्रकरण. मी पाठवलेलं तिसरं. मी म्हटलं, "नाही मॅडम."

तुम्ही म्हणाल, पुढचं तरी वाचायचं होतंस. वाचलं हो, पण त्यानं काय होणार? आमच्याकडं पहिलं प्रकरण सगळ्यांचं एकच असतं. आमच्या नऊ जणांत सात जणांचा प्रबंध 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' इथून सुरू होतो. आठव्याचा 'मानव हा समाजशील प्राणी आहे' इथून. नववा अजून सुरूच झालेला नाही. कुणी शिकवलेलं नसतं, पण लग्नपत्रिकेवर आधी गणपती असतो तसं ते येतंच. आपला गणपती कुठला आणि दुसऱ्याचा कुठला, कसं ओळखणार? शिवाय माझं पहिलं प्रकरण मी चार वर्षांत उघडलेलं नव्हतं. त्या फाईलचं नाव दिसलं तरी मी दुसरीकडं बघायचे.

घरी आले. मनूला ताप, दूध उतू गेलेलं, नवऱ्याची इचलकरंजीच्या गिरणीतली पाळी अचानक बदललेली. दुपारी मनू झोपली तेव्हा क्रमांक सात घेऊन बसले.

आणि माझं डोकंच फिरलं. पहिल्या पानावर वेदकाळ. चौथ्या पानावर मोगल. नवव्या पानावर इंग्रज आले, अकराव्यावर गेले. एवढा निवांत माणूस मी बघितला नाही. परिच्छेदाला परिच्छेद, उसासा टाकल्यासारखे लांब. या माणसाच्या पदराला कुणी लोंबकळत नाही, याचं दूध उतू जात नाही, हे ओळीओळीला कळत होतं. सोळाव्या पानावर पहिली म्हैस दिसली आणि माझी खात्री पटली, हे चौगुले सर.

चौगुले सर जयसिंगपूरला शाळेत शिक्षक आहेत, पन्नाशीला आलेले. विषय जनावरांचे बाजार. दर शनिवारी एसटीनं येतात आणि सगळ्यांना तिखट चुरमुऱ्यांची भडंग आणतात. त्यांची मुलगी डॉक्टरकीला आहे. ती पास व्हायच्या आत आपल्या नावामागं डॉक्टर लागावं, एवढी त्यांची इच्छा. भला माणूस. पण परखड लिहा असं मॅडमच म्हणाल्या होत्या ना? मी लिहिलं.

पहिला शेरा: 'सुरुवातीची सोळा पाने काढून टाकली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.'

सातवा: 'जागोजागी "असे दिसून येते" असे म्हटले आहे. कुणाला दिसते, ते कुठेच लिहिलेले नाही.'

पंधरावा: 'लेखकाकडे भरपूर वेळ असावा. वाचकाकडे तो नसतो.'

असे बावीस झाले. थांबायला हवं होतं. पण इतकी वर्षं मी फक्त शेरे घेत आले होते. सरांचे, सासूबाईंचे, मनूचा डबा बघून बालवाडीच्या बाईंचे. पहिल्यांदाच माझ्या हातात लाल पेन होतं. मी तेविसावा लिहिला: 'लेखक इतरांच्या वाक्यांमागे लपतो. त्याला स्वतःला काय म्हणायचे आहे याचा पत्ता लागत नाही. संशोधन हा आपला पिंड आहे का, याचा त्याने एकदा शांतपणे विचार करावा.'

पत्रक पाठवून दिलं. त्या दिवशी मी मनूला हसत हसत भात भरवला.

दुसऱ्या दिवशीपासून पस्तावायला लागले. माझं हे नेहमीचं. चूक करताना वाघ, केल्यावर शेळी. पुढच्या शनिवारी वर्गात गेले तर चौगुले सर कोपऱ्यात गालावर हात ठेवून बसलेले. डोळे लाल. चहाला हात लावलेला नाही. भडंग आणलेली नाही. भडंग नाही म्हणजे बघा.

मी ओळखलं, पत्रक पोचलं. माझं स्वतःचं अजून आलं नव्हतं. मला वाटलं, माझा वाचक आळशी निघाला.

तिथं गप्प बसणारी बाई शहाणी. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि हळू आवाजात म्हटलं, "सर, मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी मान वळवली.

"लोक लिहितात काहीतरी. आणि खरं सांगू का, प्रत्येकानं पीएच.डी. केलीच पाहिजे असं कुठं आहे?"

गालावरचा हात खाली आला. "तुमच्या कानावर काय आलंय का, ताई?"

"आलंय असं नाही, पण…"

आणि तो 'पण' मी तसाच लोंबकळत सोडला. का, ते विचारू नका. मला वाटलं त्यात माया दिसेल. सरांनी वही पिशवीत घातली आणि मॅडमना न सांगता निघून गेले.

त्याच्या पुढच्या शनिवारी ते आलेच नाहीत. शेख मॅडमनी चहाच्या वेळी सांगितलं, चौगुले सरांनी नोंदणी रद्द करायचा अर्ज मागवून घेतलाय. काय झालं काही कळत नाही. एवढं छान चाललं होतं त्यांचं. हे ऐकताना बिस्कीट माझ्या चहात बुडालं. मी ते काढलं नाही. मला तरी कुठं वर यायचं होतं?

एका माणसाची पीएच.डी. मी मारली होती. त्याच्या मुलीच्या आधी डॉक्टर व्हायचं होतं त्याला. आता मुलगी होईल, आणि बाप माझा तेविसावा शेरा घेऊन जयसिंगपुरात बसेल. सोमवारी त्यांना फोन करून सगळं सांगायचं ठरवलं. सोमवारी सकाळी निंबाळकर सरांचाच निरोप आला, येऊन भेट.

गेले. सरांच्या हातात एक पत्रक. बस म्हणाले आणि वाचायला लागले. "सुरुवातीची सोळा पाने काढून टाकली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही."

मी लगेच ओळखलं, माझेच शेरे. मला वाटलं, पत्रक कसं असावं याचा नमुना म्हणून वर्गानं सगळ्या गाईडना पाठवलंय. एवढ्या दुःखातसुद्धा मला जरा बरं वाटलं. हो, असतो असा माणसाचा स्वभाव. सर एकेक शेरा वाचत होते आणि मी मान हलवत होते. सातव्याला तर मी हसलेसुद्धा.

सरांनी थांबून विचारलं, "पटतंय तुला हे?"

"अगदी पटतंय सर. परखड आहे, पण खरं आहे."

"तेविसावासुद्धा?"

"तोच सगळ्यात महत्त्वाचा."

सरांनी चष्मा काढला. पण पुसला नाही. माझ्याकडं बघत म्हणाले, "दीपाली, एवढ्या वर्षांत मी बरेच विद्यार्थी बघितले. स्वतःच्या प्रकरणाबद्दल असं ऐकून घेणारी तू पहिली."

मी म्हटलं, "सर, ते माझं नाही."

सरांनी कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. ऑफिसनं पुढं पाठवलेला माझा मेल. माझं नाव. खाली फाईल: 'प्रकरण अंतिम'. तिसरं प्रकरण आहे ती फाईल 'प्रकरण अंतिम नवे हेच' या नावाची आहे. ही दुसरी, चार वर्षांपूर्वीची, हॉस्टेलवर लिहिलेली. सरांनी ती उघडली. काळ्या पट्ट्या नसलेली. भारत हा कृषिप्रधान देश आहे. वेद, मोगल, इंग्रज, सोळाव्या पानावर म्हैस. आणि पट्टीखाली जे गाव होतं ते शिरोळ.

तो भरपूर वेळ असलेला, पदराला कुणी न लोंबकळणारा निवांत माणूस. मीच ती. आणि मी तिचा इतका राग केला होता. तेव्हा तिला कुणी सांगितलं असतं की हाच वेळ आहे, वेदांवर घालवू नकोस, तर.

आता इथं मी कबूल करायला हवं होतं की नाही? तोंड उघडलंसुद्धा. पण सरांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल आदर होता हो. पहिल्यांदाच. तो घालवायची माझी हिंमत झाली नाही. मी तोंड मिटलं.

सर म्हणाले, या पत्रकावर शिफारस करणं अवघड आहे. पण तुझी तयारी दिसते, म्हणून एक मार्ग काढतो. तेवीसच्या तेवीस शेऱ्यांप्रमाणे प्रकरण पुन्हा लिही. मग ज्यानं हे वाचलं त्यालाच ऑफिस आणि शेख मॅडममार्फत पुन्हा वाचायला दे. 'बदल समाधानकारक आहेत' असं लिहून त्यानं सही केली की मी अर्ज पुढं पाठवतो. सहीचा कागद ऑफिसकडंच राहील, कोण आहे ते मला कळायला नको, पण माणूस जाणकार आहे. त्याच्याकडून शिकून घे.

मी शिकून घेते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मनूला कडेवर घेऊन एसटीनं जयसिंगपूर गाठलं. चौगुले सर शाळेच्या कट्ट्यावर भेटले. मी एका दमात सगळं सांगितलं. फाईल, म्हैस, शेरे, तो लोंबकळता 'पण'. सर ऐकत राहिले. मनूनं तेवढ्यात त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं.

"म्हंजे माझं पत्रक वाईट आलं न्हवतं?"

"तुमचं मी वाचलेलंच नाही, सर."

"मग माझ्या गाईडनं मला काढायचं ठरवलंय, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

त्यांनी गालावरून हात फिरवला. मग म्हणाले, "त्या दिवशी माझी दाढ ठणकत हुती. परवा काढली." आणि तोंड उघडून जागा दाखवली.

मी विचारलं, अर्ज दिला का. खिशातनं त्यांनी चारदा घडी घातलेला कागद काढला. रोज पोस्टात टाकायला जात होते म्हणे, रोज परत येत होते. "तुम्ही हुशार. आतलं काय तरी कळलं असंल म्हणून एवढ्या मायेनं बोलला, असं वाटलं बघा." त्यांनी तो अर्ज मनूला दिला. तिनं त्याच्या मागं त्यांच्याच पेनानं एक म्हैस काढली. म्हणजे तिचं म्हणणं ती म्हैस आहे.

एक माणूस वाचला. आता माझं बघा.

पंधरा दिवस मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं. सोळा पानं उडवली. मोगल गेले, इंग्रज गेले. आता प्रकरण सरळ एका बाईपासून सुरू होतं, ती सकाळी डेअरीच्या रांगेत उभी आहे. शनिवारी शेख मॅडमनी वर्गात एकेकाजवळ जाऊन हळूच विचारलं, क्रमांक सात तुम्ही वाचला होता का? मी हो म्हटलं. त्यांनी नवीन प्रत आणि सहीचा कागद माझ्या हातात दिला, आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "लेखकानं फार कष्ट घेतलेत म्हणे. आता जरा सौम्य व्हा."

चौगुले सर शेजारीच बसले होते, भडंगीची पुडी सोडत. सगळं माहीत असलेले ते एकटेच. हळूच म्हणाले, "आता काय, सोप्पं हाय की. लेखक तुम्ही, परीक्षक तुम्ही. मारा सही आणि सुटा."

बरोबर आहे. जगात कुणाला मिळत नाही अशी संधी. कागद सोमवारी द्यायचा आहे. त्यावर एकच वाक्य छापलंय, 'बदल समाधानकारक आहेत', आणि खाली एक रिकामी रेघ. माझ्या सहीइतकीच. सासूबाईंनी मनूला बागेत नेलं, मुद्दाम, मला निवांत मिळावं म्हणून. मी टेबल पुसलं, चहा घेतला, प्रकरण पहिल्या ओळीपासून नीट वाचून काढलं. पेनाचं टोपण उघडलं.

आणि चोविसावा शेरा लिहिला.